कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट: नागपूरच्या गच्चीवर कितपत कामाची?

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून वीट केलेला. घ्यायला हरकत नाही, पण नुसत्या विटेवर भागत नाही. चार लिटर पाण्यात अर्धा तास ठेवली की फुगून साधारण आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं. ते फेका, अजून दोनदा धुवा. पाकिटावर ‘धुतलेलं’ छापलेलं असलं तरी धुवाच; क्षार राहिले की कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि बोल लागतो उन्हाला.

यात खत जवळजवळ नसतंच. म्हणून दोन भाग कोकोपीट, दोन भाग माती, एक भाग गांडूळखत. आपली काळी माती वाळली की कुंडीची कड सोडते, पाणी बाजूनं निथळून जातं. तिला मोकळी करायला हे झकास. सांभार (कोथिंबीर), पालक छान येतात. मे महिन्यात वरचा थर कोरडा दिसतो, खाली मात्र ओल असते. बोट दोन पेरं खुपसून बघा, मगच पाणी द्या, नाहीतर मुळं कुजतात.

कुंड्या दहाच्या वर असतील तर ५ किलोचा ठोकळा लिटरमागे स्वस्त पडतो. किलोवर विकलं जाणारं ओलं कोकोपीट टाळा, त्यात पाण्याचेच पैसे जातात.