टेबलावरचा एक्स्टेंशन बोर्ड: सहा महिन्यांनंतर

लॅपटॉप, दोन मोबाइल आणि टेबलदिवा यांच्यासाठी घेतलेला हा चार सॉकेटांचा बोर्ड मी सहा महिने रोज वापरत आहे. सॉकेटांमधले अंतर पुरेसे असल्याने लॅपटॉपचा जाडजूड अडॅप्टर लावल्यावरही शेजारचे सॉकेट झाकले जात नाही, आणि खरेदीच्या वेळी नेमकी हीच गोष्ट पाहायची राहून जाते.

यूएसबीच्या बाबतीत मात्र निराशा झाली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २० वॅट छापलेले असले, तरी ही क्षमता तिन्ही पोर्टांची मिळून आहे. दोन फोन एकदम लावले की दोन्ही रेंगाळतात आणि ६५ वॅट मागणारा लॅपटॉप तर त्यावर चालणारच नाही, त्याला स्वतःचा अडॅप्टरच हवा.

प्लग ६ अँपिअरचा आहे, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट. त्यामुळे इस्त्री किंवा गिझर याला कधीही जोडू नये. पिन घट्ट बसतात, ठिणगी उडत नाही, तासन्‌तास वापरूनही वायर गरम होत नाही. वायर दीड मीटरच आहे, ती दोन मीटर हवी होती. तरीही टेबलासाठी मी हाच बोर्ड पुन्हा घेईन.