गोंदियाचं विमान सिम्युलेटर: बीव्हर मागा, बाकीचं राहू द्या

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर पायलट ट्रेनिंग चालते, त्यामुळं आमच्या इकडच्या पोरांना विमानाचं वेड आहेच, आता गोंदियात एका कॉम्प्युटर क्लासच्या वरच्या मजल्यावर एका भाऊनं तीन स्क्रीन, योक (विमानाचं स्टिअरिंग) अन् पेडल लावून सिम्युलेटर टाकलंय, अर्ध्या तासाचे २०० रुपये. मोठं जेट उडवायले जाऊ नका, दहा मिनिटात बोर होते. बीव्हर मागा, १९४७ साली पहिल्यांदा उडालेलं कॅनडाचं विमान, त्याचं फ्लोटवालं मॉडेल आहे, म्हणजे चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे फ्लोट, पाण्यावरच उतरायचं. अन् भाऊले म्हणा, वारा झिरो कर.

लाटा नाहीत म्हणजे उतरणं सोपं असं वाटते ना? उलटं आहे. पाणी पूर्ण स्थिर झालं की आभाळच खाली दिसते अन् पाणी नेमकं कुठं आहे ते कळतच नाही. माझ्या आधी एक कॉलेजचा पोरगा बसला होता, पाणी आलं समजून त्यानं नाक उचललं, विमान अजून चांगलंच वर होतं, स्पीड संपला अन् धप्पकन खाली. पुढच्या वेळी अजून उंच आहो म्हणत राहिला अन् फ्लोटची टोकं पाण्यात घुसून पलटी. खऱ्या पायलटांनाही हेच दोन धोके असतात. अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या मीटरवर भागत नाही, ते हवेच्या दाबावर चालते, दाब जरासा बदलला तरी काही फुटांचा फरक पडते, अन् इथं तेवढाच फरक मारते.

"डोळ्यावर भरोसा नको ठेवू, सुईकडे पाह," भाऊ सारखं सांगते, सुई म्हणजे विमान किती वेगानं खाली उतरते ते दाखवणारी. काठाच्या जवळून, काठाला समांतर यायचं म्हणजे झाडांवरून उंचीचा अंदाज राहते, नाक थोडं वर, मिनिटाला १५० फुटांपेक्षा जास्त उतरायचं नाही, मग काहीच हलवायचं नाही, फक्त वाट पाहायची, फ्लोट टेकले की मगच पॉवर कमी. ही वाट पाहणं लय जड जाते राजेहो, हात आपोआप योक ओढते. शंभर फुटांवरून असं उतरायले चाळीस सेकंद लागतात, साठ नॉटनं (ताशी ११० किलोमीटरच्या आसपास) तेवढ्यात सव्वा किलोमीटर पाणी जाते, म्हणजे गावच्या लहान मामा (माजी मालगुजारी) तलावाचं हे काम नाही, आमच्या जिल्ह्यातलं नवेगाव बांध नाहीतर इटियाडोहसारखं मोठं पाणीच पाहिजे.

म्हणून सिम्युलेटरवर नवेगाव बांध लावून पाहिलं, तर नुसता निळा पट्टा, काठाला एक झाड नाही! ज्याच्यावर अंदाज बांधायचा तेच गायब. शेवटी अलास्कातला एक तलाव लावून दिला, तिथं मस्त झाडी आहे.

चाकं अन् फ्लोट दोन्ही असलेलं विमानही आहे, त्यात चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलं की सरळ उलटते, म्हणून भाऊ दर वेळी मोठ्यानं विचारते, "चाकं कुठं?" हे शिकवणं मला सगळ्यात आवडलं, नुसतं खेळायले बसवून मोबाईल पाहत नाही तो.

डावं पेडल ढिलं आहे, सीट हलत नाही त्यामुळं टेकल्याचा दणका काही कळत नाही. यूपीएसही नाही, लाइट गेली की सगळं बंद, पण तेवढा वेळ नंतर भरून देते. पाचपैकी साडेतीन. रविवारी जाऊ नका, पोरांची लाइन असते.