एक्स-रे दुसऱ्याच कुत्र्याचा निघाला

आमची लॅब्रॅडोर राणी तीन वर्षांची झाली, तेव्हा एकदाच तिची पिल्लं होऊ द्यायची असं ठरवलं. कोथरूडच्या डॉक्टरांकडे तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढला, ब्रुसेला या मिलनातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गाची रक्ततपासणी करून घेतली. नर शोधताना अट एकच होती: त्याचेही खुबे दोन वर्षं पूर्ण झाल्यावर तपासलेले हवेत. लॅब्रॅडोरमध्ये हिप डिसप्लेशिया, म्हणजे खुब्याची खोबण उथळ राहून सांधा सैल बसण्याचा दोष, पिढीजात उतरतो, आणि वरून धडधाकट दिसणारा नरही तो पिल्लांना देऊ शकतो.

वाघोलीकडच्या एका ब्रीडरचा नर आवडला. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे कागद, रुंद डोकं, गरीब स्वभाव, वय साडेतीन. "ताई, मागच्याच महिन्यात एक्स-रे काढलाय, एकदम ओके आहे," म्हणत त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यावर ना कुत्र्याचं नाव, ना तारीख, ना कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या मायक्रोचिपचा नंबर. विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर घरचेच आहेत, नाव कशाला टाकतील?" राणी माजावर होती, दिवस निघून चालले होते. मी हो म्हटलं. वीस हजार रोख दिले, पावती नाही.

63 दिवसांनी सात पिल्लं झाली. आठ आठवडे आईजवळ ठेवून ओळखीच्या घरांत दिली. सातव्या महिन्यात सहकारनगरहून फोन आला: मोती जिना चढत नाही, पळताना सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. मग दुसऱ्या घरून, तिसऱ्या घरून. तिघांचेही खुबे उथळ निघाले.

निरोगी आईबापांच्या पोटीही असं पिल्लू येऊ शकतं, म्हणून आधी मी कुणाला बोल लावला नाही. पण तो फोटो डॉक्टरांना दाखवला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याखाली एक रेष होती. हाड वाढत असतानाच ती दिसते, वर्षाच्या आसपास बुजते. फोटोतलं कुत्रं साडेतीन वर्षांचं असणं शक्यच नव्हतं. ब्रीडरला विचारलं, तर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

केसीआयच्या कागदावर वंश कळतो, खुबे कळत नाहीत. नर तुमच्याच डॉक्टरांकडे आणायला सांगा, चिप समोर स्कॅन करा, आणि तोच नंबर एक्स-रेवर असेल तरच पुढचं बोला. टाळाटाळ झाली तर तो माज जाऊ द्या, काही महिन्यांनी पुन्हा येतो.

राणीचं आम्ही नसबंदीचं ऑपरेशन करून टाकलं. मोतीच्या घरचे आजोबा त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून रोज दोन वेळा त्याला जिन्यावरून खाली आणतात.