शिट्टी सांभाळली, व्हॉल्व्ह गेला: दोन लिटरच्या कुकरचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, कंपनीचं नाव घेणार नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. ॲल्युमिनियमचा, दोन लिटरचा, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा साधा कुकर. भांड्यांच्या कुठल्याही दुकानात तीन-चार कंपन्यांचे असे कुकर ओळीने मांडलेले असतात, त्यामुळे मापं-बिपं लिहीत बसत नाही. नोव्हेंबरात सेलमध्ये ९५० रुपयांना घेतला. हिवाळाभर सह्याद्रीत वापरला, मे ते जुलै बोलिव्हियात पाठीवर वाहिला आणि आता तो पुण्यात ओट्यावर आहे.

ट्रेकला कुकर कोण नेतं, हे सगळ्यात आधी नवऱ्यानेच विचारलं. काट्यावर ठेवला तर १ किलो ९० ग्रॅम भरला. ‘तंबू मी घेतो, गॅस मी घेतो, पण ते धूड तुझ्या पाठीवर,’ असं त्याने जाहीर केलं आणि दहा आठवडे शब्द पाळला.

कारण साधं होतं. मी शाकाहारी. बोलिव्हियात दुपारी ‘अल्मुएर्सो’ नावाचं जेवण स्वस्तात पोटभर मिळतं, पण ‘मांस नको’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी सूपातला तुकडा तेवढा बाजूला काढतात, रस्सा तोच. शेंगदाण्याच्या सूपाने तर जीव नुसता टांगणीला लागतो. वास थेट आपल्या दाण्याच्या आमटीचा आणि तळाशी गाईचं हाड. भुईमूग मूळचा त्याच पट्ट्यातला, बटाटा अँडीजमधला. म्हणजे आपल्या उपासाच्या ताटाचं माहेर ते, आणि तिथे उपास मलाच.

दुसरं कारण पाण्याचं. ला पाझ शहरच सुमारे ३,६५० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथे पाणी ८८ अंशांनाच उकळतं. साडेचार हजारांच्या वर गेलात की ८५. पातेल्यात बुडबुडे जोरात येतात, वाटतं झालं, आणि डाळ मात्र तशीच टणक. तितक्या गरम पाण्याला ती दादच देत नाही. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो जास्त दाब झाला की उचलली जाते. पुण्यात त्यामुळे आत १२० अंश होतात. तिकडे बाहेरचाच दाब कमी, म्हणून ११२ च्या आसपास. पण ८५ आणि ११२ यांत जेवण आणि उपाशी झोपणं एवढा फरक आहे.

आता शिट्टीबद्दल. ही माझी मूळ तक्रार, आणि तीसाठी मी एक अख्खा तारा कापलाय.

या कुकरची शिट्टी नळीवर नुसती ठेवलेली असते. अडकत नाही, फिरत नाही, साखळी नाही, झाकणाला एखादी खाच नाही. ओट्यावर ठीक आहे. पण सॅक आडवी झाली की ती निघालीच. नाणेघाटात एकदा निघाली आणि पीठ, मिठाची पुडी, मोजे, सगळं खडकावर ओतल्यावर मोज्यात सापडली. हरिश्चंद्रगडावर दुसऱ्यांदा. तेव्हा कंपनीला मेल लिहिला की झाकणाला दोन रुपयांची साखळी लावा. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ दुसऱ्या कंपनीची शिट्टी वापरायची नाही, वजन वेगळं असतं, त्यामुळे हरवली की कुकरचं पातेलं झालं. शेवटी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

मोठं सामान चेक-इन झालं, शिट्टी गळ्यातच राहिली. मुंबई विमानतळावर तपासणीच्या बाईंनी दोरा बाहेर ओढला, बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, कुकर कुठंय?’ साओ पाउलोला मात्र तिघांनी ती आळीपाळीने उजेडात धरून पाहिली. एकाने फुंकून बघितली.

निघण्याआधी लक्ष्मी रोडवर सुटे भाग घ्यायला गेले. जादा शिट्टी घेतली, ७५ रुपये. जादा रिंग घेतली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, सेफ्टी व्हॉल्व्ह पण ठेवा एक.’ कितीला? ‘साठ.’ म्हटलं, राहू दे, तो कुठे बिघडतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिला महिना कुकर अक्षरशः सोन्यासारखा वागला. ला पाझच्या रोद्रिगेस बाजारातून लेंतेहा घेतली, म्हणजे आपल्या अख्ख्या मसुराची थोरली बहीण. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो इयाम्पू रस्त्यावरच्या ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतो आणि महाग पडतो, म्हणून मी गॅसचा हिशोब वहीत ठेवला. युक्ती अशी: सकाळी लेंतेहा बाटलीत भिजत घालायची, चालताना ती पाठीवर भिजते. रात्री दोन शिट्ट्या काढायच्या, गॅस बंद करायचा आणि कुकर डाऊन जॅकेटमध्ये गुंडाळून वीस मिनिटं विसरून जायचं. आतल्या वाफेवरच डाळ शिजते. पातेल्यावर आम्हा दोघांना २३० ग्रॅमचा डबा तीन दिवस पुरायचा, कुकरमुळे पाच दिवस गेला. थंडीत एकच काळजी घ्या, रिंग कडक होते आणि कडेने वाफ सुटते. कोमट पाण्यात बुडवून लावली की बसते. आणि गॅसचा डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, नाहीतर सकाळी आच मेणबत्तीएवढी.

जूनमध्ये कोंदोरिरीला गेलो. ला पाझच्या वरच्या अंगाला असलेल्या एल आल्तो शहरातून गाडीने तुनी तलावापर्यंत, पुढे चालत चियार कोटा तलाव, उंची सुमारे ४,६५० मीटर. समोर पंख पसरलेल्या गिधाडासारखे तीन सुळके, त्यांच्यावर बर्फ, आणि सूर्य डोंगराआड गेला की पाच मिनिटांत पाण्याच्या बाटलीत काचा. पहिल्या संध्याकाळी शिट्टी वाजली तशी शेजारच्या तंबूंतून युरोपातली चार पोरं धावत आली. त्यांना स्फोट वाटला असावा. त्यांचं पाकिटातलं जेवण आणि आमचा वरणभात यांची तुलना करत ती बराच वेळ उभी होती. मी जरा मिरवून घेतलं. खेचरांवर सामान आणणारा तिथल्या आयमारा जमातीचा माणूस, तिकडे त्याला आर्रिएरो म्हणतात, त्याने मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर म्हणाला, आमच्या घरी दोन आहेत, एक मांसाला, एक डाळीला. कुकरशिवाय इथे कोण स्वयंपाक करतं? माझी सगळी हवा गेली.

तिसऱ्या संध्याकाळी लेंतेहा थोडीच उरली होती, म्हणून त्यात क्विनोआ, म्हणजे तिकडचं बारीक दाण्याचं धान्य, मिसळला. पोत्यातून सुटा घेतलेला. थंडीने बोटं वाकत नव्हती, घाईत एकदाच पाण्यातून काढला. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिनचा थर असतो, म्हणजे रिठ्याला फेस ज्यामुळे येतो तोच प्रकार. मी कुकरमध्ये जवळजवळ रिठाच उकळत ठेवला होता. फेस चढला, फेसाबरोबर ते बारीक दाणे चढले आणि शिट्टीखालच्या नळीत जाऊन बसले.

बारा मिनिटं झाली, शिट्टी नाही. पंधरा झाली. नवरा म्हणाला, ‘बंद कर.’ मी म्हटलं, एवढी उंची आहे, थंडी आहे, वेळ लागणारच. घरी असते तर सातव्या मिनिटाला गॅस बंद केला असता. मग फट्ट असा आवाज आला, झाकणातून वाफेचा पांढरा खांब उभा राहिला आणि क्विनोआ तंबूच्या छतावर, सॅकवर, नवऱ्याच्या कानटोपीवर. आम्ही दोघं पलीकडे बसलो होतो म्हणून भाजलं नाही. सकाळी तंबूवरचा क्विनोआ गोठून खडे झाला होता, चमच्याने खरवडून काढला. व्हॉल्व्हच्या जागी भोक. थैलीत जादा शिट्टी, जादा रिंग.

त्या रात्री मी वहीत या कुकरला एक तारा दिला होता. आता मत बदललंय. नळी तुंबल्यावर तो व्हॉल्व्ह गेला नसता तर झाकण गेलं असतं, बहुधा माझ्या तोंडावर. त्याने त्याचं काम केलं. चूक क्विनोआ न धुण्याची आणि साठ रुपयांची. क्विनोआ फेस पूर्ण थांबेपर्यंत चोळून धुवा आणि तरीही कुकरमध्ये लावू नका. तो उघड्या पातेल्यातही शिजतो. कुकर लावण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी ती पुस्तिका वजन कमी करायला पुण्यातच ठेवली होती.

खाली आल्यावर रविवारी लाल केबल कारने एल आल्तोच्या ‘१६ दे हुलियो’ बाजारात गेलो. गुरुवारी आणि रविवारी भरतो. जुन्या गाडीचं इंजिन, एका पायाचा बूट, शिलाई मशीनचं चाक, सगळं जमिनीवर मांडलेलं. एक बाई फक्त कुकरचे भाग घेऊन बसल्या होत्या. घोळदार पोयेरा, म्हणजे तिकडचा घागरा, डोक्यावर गोल टोपी, समोर बिस्किटांच्या डब्यात रिंगा, शिट्ट्या, व्हॉल्व्ह. त्यांनी माझं झाकण मांडीवर घेतलं, भोकात करंगळी घालून फिरवली आणि एकेक व्हॉल्व्ह लावून बघायला लागल्या. आठवा की नववा थोडा बसला. मी पैसे काढले. त्यांनी व्हॉल्व्ह उपसून परत डब्यात टाकला. ‘नो, कासेरिता.’ बसतोय, पण राहणार नाही, उडेल. तिकडे विकणारी आणि गिऱ्हाईक एकमेकींना कासेरिता म्हणतात, आपल्या मंडईत दोन्हीकडून ‘ताई’ चालतं तसं. मग त्यांनी स्वतःकडचा साडेचार लिटरचा कुकर पुढे केला. नवरा माझ्याकडे न बघताच ‘नको’ म्हणाला.

पुढचा ट्रेक एल चोरो. ४,८६० मीटरच्या खिंडीतून तीन-चार दिवसांत थेट १,३०० मीटरवर चायरो गावात उतरतात, कोलंबसच्याही आधीच्या फरसबंदी वाटेने. कुकर आता नुसतं पातेलं, वर झाकण, झाकणावर दगड. दगडाने विशेष काही होत नाही, मनाचं समाधान. पण डाळ तीच, भिजवण्याचा वेळ तोच, म्हणून मी घड्याळ लावून बसायचे. पहिल्या मुक्कामी, साधारण ३,६०० मीटरवर, एक तास दहा मिनिटांनंतरही दाताखाली कचकच, आणि गॅस गेला म्हणून थांबवलं. दुसऱ्या दिवशी झाडोरा सुरू झाला, नेचे, शेवाळ, ओली गरम हवा. त्या रात्री पाऊण तासात खाण्याजोगी झाली. तिसऱ्या रात्री सांदियानीजवळ, दोन हजारांच्या आसपास, पस्तीस मिनिटांत लेंतेहा बोटाने दाबली तर चिरडली. कानातला दडा सुटावा तसं वाटलं. त्या रात्री झाकणावर दगड ठेवायचाही विसरले.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला गेले. पाच वर्षांची वॉरंटी कार्डावर छापली आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, व्हॉल्व्ह वॉरंटीत येत नाही. ठीक. मग त्याने विचारलं, काय शिजवत होता? मी खरं सांगितलं. ‘क्विनोआ? ते आमच्या यादीत नाही.’ मी म्हटलं, यादीत साबुदाणा तरी आहे का? नंतर कुठे वापरला हे विचारलं, तेही खरं सांगितलं, तर वर ‘परदेशात वापर’ असा शेरा. झाकणाची कड वाफेच्या झटक्याने किंचित वाकली आहे, ती तरी सरळ करून द्या एवढंच माझं म्हणणं. तीन फेऱ्या झाल्या, पेट्रोल धरलं तर नवीन झाकण आलं असतं. चौथी फेरी शनिवारी आहे. तिकडे ती बाई हातातला सौदा सोडून ‘उडेल’ म्हणाली, इकडे नियम वाचून दाखवतात.

पाचपैकी साडेतीन तारे. शिट्टीचा एक अख्खा कापला, रिंगेचा अर्धा. व्हॉल्व्हचा कापलेला नाही. वजनाचाही नाही, कारण टायटॅनियमचं पातेलं याच्या कितीतरी पट महाग आणि त्यात डाळ शिजत नाही. चार हजार मीटरच्या वर स्वतः रांधणार असाल आणि कडधान्याशिवाय चालत नसेल तर डोळे मिटून घ्या. लडाख-स्पितीलाही हेच गणित. तयार पाकिटं खाणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

नवा व्हॉल्व्ह लक्ष्मी रोडवरच्या त्याच दुकानातून बसवला, साठ रुपये. दुकानदार काही बोलला नाही. वाकलेल्या कडेतून थोडी वाफ सुटते, पण सासूबाईंचा दोघांपुरता भात त्यातच होतो. शिट्टी अजून काळ्या दोऱ्यातच आहे, माझ्या गळ्यात. सकाळी साडेदहाला स्वयंपाकघरातून हाक येते, ‘अगं, ती शिट्टी दे.’