उबुंटूवर ट्यूनईसीयू, व्हर्च्युअलबॉक्सच्या भरवशावर

माझ्या जुन्या एअर-कूल्ड ट्रायम्फ बॉनव्हिल बाइकचा मॅप (इंजिनाला इंधन किती, ठिणगी कधी हे ठरवणारे तक्ते) बदलायला ट्यूनईसीयू हे सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याची संगणकावरची आवृत्ती फक्त विंडोजची. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स. धरमपेठेतला मित्र म्हणे, ‘दुसरा लॅपटॉप घेऊन टाक ना बे!’ कशाला? व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आतच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्यातच विंडोज टाकलं. वाईनच्या (लिनक्सवर थेट विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नादी लागू नका, बाइक लॅपटॉपला जोडणाऱ्या केबलचा विंडोज ड्रायव्हर तिथे बसत नाही.

खरी मेख यूएसबीची. उबुंटूत स्वतःला ‘व्हीबॉक्सयूजर्स’ (vboxusers) या वापरकर्ता-गटात घालून पुन्हा लॉग-इन करा, मग व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हाइसेस मेनूतून केबल विंडोजकडे सोपवा. केबल अस्सल एफटीडीआय कंपनीच्या चिपचीच हवी. नक्कल ऐन वेळी दगा देते.

एरर कोड वाचणं, पुसणं एकदम झकास. मॅप लिहिताना मात्र छाती धडधडते: मध्येच जोडणी तुटली तर गाडी सुरूच व्हायची नाही. म्हणून बाइकच्या बॅटरीला चार्जर लावा, लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा. आणि मे महिन्यात हे काम पहाटेच उरका, नागपूरच्या दुपारी लॅपटॉपच आधी मान टाकतो.

अँड्रॉइड ॲपही मिळतं, पण मॅपचे तक्ते मोबाइलवर वाचायचे म्हणजे डोळ्यांना शिक्षा. पाचपैकी चार.