दगडावर कोरलेली दोन राज्ये : अशोक आणि चिन शी हुआंग

इ.स.पू. तिसऱ्या शतकात दोन सम्राटांनी दगड कोरून घेतले. त्यांत काय लिहिले, इथेच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

चिन शी हुआंगने इ.स.पू. 221 मध्ये चीन एकछत्री केला. लिपी एक, वजनमापे एक, गाड्यांच्या आसाची लांबीसुद्धा एक! कारभारी म्हणून तो थोरच. पण ताई पर्वतावरच्या शिलालेखात त्याची स्तुतीच आहे, आणि इ.स.पू. 213 मध्ये त्याने नकोसे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला.

अशोकाने मात्र लोकांच्या भाषेत लिहिले. बहुतेक ठिकाणी प्राकृत, लिपी ब्राह्मी, वायव्येला खरोष्ठी, कंदाहारला तर ग्रीक आणि अरामी. तेराव्या शिलालेखात तो कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली, असे सांगतो आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. जिंकलेला राजा स्वतःच्या विजयाचे दुःख दगडात कोरतो, हे मला आजही थक्क करते. बाराव्यात तो दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखायला सांगतो.

आपल्या नालासोपाऱ्यालाही आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजा धर्मयात्रेला निघाला, असा त्याचा विषय.

टिकाऊपणात दोन्ही घराणी हरली: चिन इ.स.पू. 206 पर्यंत संपले, मौर्य 185 च्या सुमारास. चीनची एक लिपी मात्र राहिली. तरीही निवडायचे झाले, तर मी अशोकाचा दगड निवडीन.