तीस वर्षांचं आऊटबोर्ड, आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात मालवणात एकाकडून जुनं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतलं. जपानी बनावट, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, ८ हॉर्सपॉवर, वय अंदाजे तीस, किंमत अडतीस हजार. होडी माझी फायबरची, १४ फुटी. कर्ली खाडीत गरी टाकायची आणि पाहुणे आले की देवबागच्या संगमापर्यंत, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथवर, फिरवून आणायचे, एवढाच वापर. आता मे संपत आलाय, होडी वर ओढून ताडपत्री टाकलीय, म्हणून निवांत लिहितोय.

विकणाऱ्यानं पाण्याच्या पिंपात लावून दाखवलं तेव्हा इंजिन छान वाजलं. त्यानं पूर्ण वेळ रेस धरून ठेवली होती, एकदाही सोडली नाही, हे घरी आल्यावर आठवलं. तुम्ही जुनं घ्यायला गेलात तर पाच मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता सगळ्यात मंद चालीवर, सोडायला सांगा आणि गप्प उभे राहा.

पाचव्या-सहाव्या फेरीला खोड कळली. अर्ध्या थ्रॉटलच्या वर ठीक, पण खुंटांमधून हळू न्यायचं म्हटलं की अडखळणार, सगळी होडी थरथरवणार आणि बंद. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. एकदा भर ओहोटीत संगमाजवळ बंद पडलं. वल्हं बरोबर होतं म्हणून निभावलं.

जो तो म्हणे, कार्बुरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ कर. एका मेकॅनिकनं दीड हजार घेऊन साफ केला, प्लग बदलले. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्या, चौदा हजार लागतील. सुदैवानं ओळखीतल्या एका गॅरेजवाल्याकडे कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर, होता. रिंगा गेल्या की हा दाब पडतो. वरचा सिलेंडर ११२, खालचा १०८ पीएसआय. जुन्या इंजिनाला हे उत्तमच, दोन्हींत फरकही किरकोळ. चौदा हजार वाचले.

शेजारच्या काकांचं आयुष्य दर्यावर गेलंय. ते नुसता आवाज ऐकून म्हणाले, "झिला, इंजिन बरा आसा. तेका पेट्रोल बरा गावणा नाय." मला पटलं नाही, कारण कार्बुरेटर तर नुकताच साफ झालेला. पण चालू इंजिनाचा हातपंप, म्हणजे नळीतला रबरी फुगा, दाबला की इंजिन सावरायचं. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं हे खरंच. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी सरळ दोन थर! वर ऑइलच्या रंगाचं पेट्रोल, खाली अंगठाभर गढूळ, बिनरंगी पाणी.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. खाडीकाठच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी बरेच दिवस पडून राहिली आणि पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टू-स्ट्रोकला हे जास्त वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी मात्र तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला बिनऑइलचं पाणचट मिश्रण. कार्बुरेटरमधला आयडलचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं छिद्र, केसाएवढा, तो आधी तुंबतो. जुनी नळीही आतून फुगून मऊ झालेली. टाकी धुतली, नळी आणि फुगा नवा घातला, जेट पुन्हा साफ केला.

तरीही थरथर गेली नाही! इथे मी हात टेकले होते. काकांचं निदान चुकलं असंच वाटलं.

मग आयडलवर एकेक प्लग कॅप, म्हणजे प्लगवर बसणारी वायरीची टोपी, रबरी मुठीच्या पकडीनं काढून पाहिली. वरची काढली की इंजिन मरायचं. खालची काढली तरी आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे खालचा सिलेंडर नुसताच ओझं. या इंजिनात स्पार्क तयार करणाऱ्या एकाच कॉइलमधून दोन वायरी निघतात. वर स्पार्क होता, म्हणजे कॉइल जिवंत, दोष पुढे कुठेतरी. संध्याकाळी दिवा मालवून कव्हर काढलं आणि पिंपात चालू केलं. खालच्या कॅपच्या बुडातून निळसर ठिणगी टिकटिक करत ब्लॉकवर उडत होती. कॅप सोलली तर आत खाऱ्या पाण्यानं हिरवी पडलेली पितळी स्प्रिंग आणि रबराला केसाएवढी भेग. वेग वाढला की स्पार्कलाही जोर येतो, म्हणून वरच्या थ्रॉटलला हे लपून राहायचं.

नवी कॅप दीडशे रुपये. काका बरोबर होते आणि कॅपही खराब होती. दोन दुखणी एकदम असल्यानं एक बरं केलं तरी फरक दिसत नव्हता आणि मी बरोबर उपाय चुकीचा समजून सोडून देत होतो.

त्यानंतरचे पाच महिने एकदाही बंद पडलं नाही. आता पेट्रोल लागेल तेवढंच आणतो, ५०:१ मिश्रण म्हणजे लिटरला २० मिली ऑइल. परतलो की गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून धुतो, मग तिथेच नळी काढून कार्बुरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवतो. पिंपाशिवाय मात्र चालू करू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो.

तक्रारी आहेतच. धूर भरपूर, आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही, पेट्रोलही पितं. परवा गिअरचं ऑइल काढलं तर दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी शिरलंय. पंख्यामागे गरीची तंगूस गुंडाळलेली होती, तिनं सील कापलंय. ते काम पावसात.